एक्स्प्लोजन बॉक्सचं झाकण बसत नाहीये (आणि आत काय लावू तेही सांगा)

रेघोट्या
मंडळी, मदत हवीय. बाबा रिटायर होतायत, सगळ्यांनी मिळून त्यांना घड्याळ घेतलंय. ते आलं तसं कंपनीच्या डब्यात हातात ठेवायचं जिवावर आलं म्हणून म्हटलं कागदाचा एक्स्प्लोजन बॉक्स करूया, तोच तो, झाकण उचललं की चारी भिंती खाली पडतात आणि आत फोटो वगैरे. व्हिडिओत फार सोप्पं दिसतं हो.

२५० जीएसएमची, म्हणजे जाडसर, कार्डशीट घेतली, एकात एक तीन थर केलेत, ३०, २९ आणि २८ सेमीचे चौकोन, प्रत्येकाचे तीन-तीन समान भाग पाडून कोपरे कापले. कोरा होता तोवर झाकण मस्त बसत होतं. फोटो आणि दोन-तीन घडीच्या पट्ट्या चिकटवल्या तर आता भिंती फुगल्यात, झाकण वरच्या वर अडकतं आणि जोर लावला तर कोपरा फाटेल असं वाटतंय. शिवाय गडद निळा कागद घडीवर तडकून आतलं पांढरं दिसायला लागलंय, ते वेगळंच.

आणि अजून एक, फोटो सोडून आत काय ठेवता येईल? बाबांना फोटोंचं फार कौतुक नाही, कॅमेरा समोर आला की पासपोर्टसाठी बसल्यासारखा चेहरा करतात.

कात्रीवाली
झाकणाला बोल लावू नकोस, जागाच नाहीये आत. ३० चा बॉक्स म्हणजे १० सेमीची बाजू, २९ चा म्हणजे साधारण ९.७, म्हणजे दोन भिंतींच्या मध्ये एकेका बाजूला जेमतेम दीड-पावणेदोन मिमी उरतं. त्यातून कागदाची जाडी वजा कर, दोन्हीकडून फोटो म्हणजे अजून अर्धा मिमी गेला, त्यात घडीची पट्टी. ती पट्टी बोटाने दाबली की एवढीशी दिसते पण सोडली की परत फुगतेच, कागद तो कागद. कोऱ्या बॉक्सला ही मापं चालतात, भरलेल्याला नाही. मी ३०, २८.५ आणि २७ घेते, मग भिंत १०, ९.५ आणि ९ येते आणि मध्ये अडीच मिमी मोकळे मिळतात. तू सगळं चिकटवून बसली असशील तर मधला थर सरळ काढून टाक, दोन थर पुष्कळ झाले.

आणि झाकण सगळ्यात शेवटी करायचं!! बॉक्स पूर्ण भरायचा, चारी भिंती उभ्या करून एक सैलसर रबरबँड लावायचा आणि मग वरून पट्टीने माप घ्यायचं, दोन्ही दिशांनी, कारण ते क्वचितच सारखं येतं. त्यात ३ मिमी वाढव. समज १०.१ आलं तर झाकण १०.४ चं, काठ ४ सेमी उंच ठेवलास तर चौकोन १८.४ चा लागेल. काठ दोन सेमीचा ठेवतात लोक, दिसायला नाजूक दिसतो पण भिंती नीट धरून ठेवत नाही.

घडीघाल
कात्रीवालींना अनुमोदन, फक्त एक भर. झाकणाच्या कोपऱ्यातल्या चिकटवायच्या पट्ट्या आत गेल्या की त्या बाजूंना कागद दुप्पट होतो, बरोबर तिथेच अडकतं. त्या बाहेरून चिकटवा आणि वर सजावटीची एक पट्टी फिरवा, आतून झाकण गुळगुळीत राहतं.

आता तडकण्याचं. दोन कारणं असतात. एक, तुमचा कागद फक्त वरून निळा आहे, आत पांढरा. कागदाची कड बघा, फाडून बघा, आरपार रंग असलेली शीट पण मिळते, गडद रंगाला तीच घ्यावी. दोन, घडी आधी आखली नसणार. स्टीलची पट्टी धरून रिकाम्या रिफिलने रेघ दाबायची, शाई संपलेली, आणि खाली जाड पुठ्ठा किंवा कापकामाची मॅट. कटरची उलटी बाजू वापरू नका, ती कागद कापते थोडा थोडा.

मग दुमडायचं कुठल्या बाजूला, इथे निम्मी जनता चुकते. रेघ दाबली की एका बाजूला खोलगट खाच पडते आणि मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो, बोट फिरवलं की कळतो. तो उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे. बहुतेक जण खाच आत घेऊन दुमडतात कारण हाताला ते आपोआप वाटतं, आणि मग बाहेरचा थर ताणून फाटतो.

कागदाला दिशा पण असते. न दुमडता हलकेच वाकवून बघा, आधी एका बाजूने मग दुसऱ्या, ज्या बाजूने सहज वाकतो त्या घडीला तडे कमी जातात. या बॉक्सच्या घड्या दोन्ही दिशांना आहेत त्यामुळे सगळ्याच सरळ साधता येत नाहीत, म्हणून तर रेघ दाबणं टाळायचं नाही.

सावली
तांत्रिक भाग झालाच आहे तर मी दुसऱ्या प्रश्नाकडे येते. ज्याला फोटो आवडत नाहीत त्याला वीस फोटोंचा बॉक्स देऊन तो बॉक्स त्याचा कसा होणार? मला तर हे असे बॉक्स बघून नेहमी वाटतं की देणाऱ्याचीच हौस त्यात जास्त असते. एकच फोटो ठेव, तोही बाबांचा नको, त्यांच्या कामाच्या टेबलाचा वगैरे. बाकी त्यांच्या सवयीचं काहीतरी शोध. काय करतात ते जे घरात दुसरं कुणीच करत नाही?

रेघोट्या
@कात्रीवाली मधला थर उपटला, झाकण लगेच खाली गेलं, थँक्यू थँक्यू. आता थोडं सैलच होतंय म्हणून नवीन करते मापाने. @घडीघाल होय, खाच आतच घेत होते.

@सावली हे वाचून हसायलाच आलं कारण उत्तर लगेच सुचलं. बाबा घरात आलेल्या प्रत्येक वस्तूच्या खोक्यावर मार्करने घेतल्याची तारीख लिहितात आणि खाली "पावती आत आहे". मिक्सर, इस्त्री, टॉर्च, सगळ्यांवर. माळ्यावर सगळी खोकी अजून आहेत आणि खरंच प्रत्येकात पावती असते.

सावली
झालं की मग!! झाकणावर त्यांच्याच अक्षरात तारीख आणि "पावती आत आहे". आणि आत घड्याळाची पावती खरोखर ठेवायची, वॉरंटी कार्डसकट, तळाशी चपटं पाकीट करून. फुलं नकोत, रिबनची गुलाबं नकोत, दुसरी काहीच सजावट नको झाकणावर.

घडीघाल
झकास कल्पना. अक्षर उतरवायचं असेल तर खोक्याचा समोरून, सपाट उजेडात फोटो काढा, प्रिंट काढा हव्या त्या मापात, प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिल घासा, झाकणाच्या कागदावर ठेवून अक्षरं गिरवा आणि उमटलेल्या रेषेवरून मार्कर. गडद निळ्यावर पेन्सिल दिसायची नाही, तिथे पांढरा खडू घासा. आणि हे झाकण दुमडण्याआधी, सपाट असतानाच करायचं. थेट प्रिंट करणार असाल तर अक्षर घडीवर येऊ देऊ नका, लेझर प्रिंटचा थर घडीवर उडतो.

रेघोट्या
तारखेचे आकडे वेगवेगळ्या खोक्यांवरून गोळा करावे लागतील, बघते. फोटो कशाने चिकटवू? पांढऱ्या गमने कागद वाकडा झाला एका ठिकाणी.

कात्रीवाली
गममध्ये पाणी असतं, कागद ते पितो आणि फुगतो. फोटोला डबल साइडेड टेप लाव, चकचकीत फोटोच्या मागे प्लास्टिकचा थर असतो त्यावर ग्लू स्टिक नीट धरत नाही, काही दिवसांनी कोपरे सुटतात. फक्त टेप एकदा टेकला की हलवता येत नाही म्हणून आधी पेन्सिलने जागा खुणावून घे. कागदावर कागद असेल तर ग्लू स्टिक चालेल, वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर सोड. जुना फोटो असेल तर कॉपी लाव, मूळ फोटो कधीच चिकटवू नको.

वाकडा झालेला भाग पण तसाच पुस्तकांखाली ठेवून बघ, बऱ्यापैकी सरळ होतो.

आळशीराव
उशिरा आलोय पण एक राहिलंच. घड्याळ धातूच्या पट्ट्याचं असेल तर जड असतं आणि हा बॉक्स खालून कशानेच धरलेला नसतो, झाकण काय ते भिंतींना धरून असतं. बाबांनी पाहुण्यांसमोर झाकण धरून उचललं की तळ सुटणार आणि घड्याळ जमिनीवर. एकतर खालून घेऊन रिबन बांधा, नाहीतर टेबलावर ठेवूनच द्या. आणि घड्याळासाठी मधोमध कार्डशीटची छोटी गोल नळी उभी चिकटवा, पट्टा तिच्याभोवती लावा, नाहीतर ने-आण करताना आत गडगडून तुमचे फोटो ओरबाडेल. नळी भिंतींपेक्षा बुटकी हवी हां, नाहीतर झाकण बसत नाही म्हणून परत इथे नवा धागा काढावा लागेल :)