बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय, हे तुम्हाला कशावरून कळलं?

परळची_लेक

मागच्या आठवड्यात आमच्या चाळीतल्या अकरा महिन्यांच्या पोरीला रात्री अडीचला टॅक्सीत घालून न्यावं लागलं. दिवसभर जुलाब चालू होते. संध्याकाळी ती गप्प पडली तेव्हा घरातल्यांनी हुश्श केलं, "आता उतार पडतोय." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षांपूर्वी हेच वाक्य मी म्हटलं होतं.

माझा मुलगा तेव्हा नऊ महिन्यांचा. मे महिना, गॅलरीत वाऱ्याने पानही हलत नव्हतं. सकाळपासून उलट्या, मग जुलाब. दुपारी तीननंतर त्याचं रडणं थांबलं. मी चक्क भांडी घासली, निवांत आंघोळ केली. त्या आंघोळीबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. पाच वाजता आई आली, सवयीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिथेच थांबली. "अगं, टाळूला वाटी पडलीये." डायपर सकाळी आठचा, हातात घेतला तर कोराच वाटावा इतका हलका. तळपायाला टिचकी मारली तेव्हा तोंड वाकडं करून कण्हला, पण डोळ्यांत टिपूस नाही. पुढचे दोन दिवस सलाईन.

तुम्हाला आधी काय दिसलं, काय चुकलं, ते इथे लिहा. अँटिबायोटिक्सची नावं नकोत. ती डॉक्टरांनी लिहायची.

भांडुपकर

माझी चूक लिहितो, हसू नका. ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी एक लिटरची होती. मी ती अख्खी दुधाच्या बाटलीत, म्हणजे २४० मिली पाण्यात ढवळली. म्हटलं, घट्ट असेल तर लवकर ताकद येईल. पोरगी घटाघट प्यायली, अजून मागायला लागली, किरकिर वाढली. डॉक्टरांनी विचारलं, "समुद्राचं पाणी पाजताय का?" मीठ जास्त झालं की रक्तातलं सोडियम चढतं, त्याने झटकेसुद्धा येऊ शकतात, हे तेव्हा कळलं. आता एक लिटरचं भांडं मोजून ठेवलंय. पाणी उकळून गार करायचं, पुडी पूर्ण रिकामी करायची, २४ तासांत उरेल ते मोरीत ओतायचं. २०० मिलीच्याही पुड्या मिळतात. पाठीमागे लिहिलेलं वाचा, एवढंच.

हार्बरवाली

माझं छोटंसं. पनवेलहून सीएसएमटी, भर दुपार, गर्दी म्हणून दीड तास बाळाला पदर टाकून पाजलं नाही. आधी सकाळीही नीट प्यायला नव्हता. उतरल्यावर बघते तर ओठ चिकटलेले, जीभ कोरडी. वेटिंग रूममध्ये दोन्ही बाजूंना पाजलं, तासाभराने शी-शू सगळं एकदम, माझ्या साडीवर. त्या दिवशी साडीचं अजिबात वाईट वाटलं नाही. आता गर्दी असो नसो, मी पाजते. बघणाऱ्याने बघावं.

सिस्टर_निवृत्त

पालिकेच्या दवाखान्यात २२ वर्षं काढली. आया येऊन सांगायच्या, "ताप नाही हो सिस्टर, म्हणून थांबलो." ताप असायलाच हवा असं नाही.

आम्ही काय बघायचो सांगते. बाळाच्या पोटाची कातडी बेंबीच्या बाजूला हलकेच चिमटीत धरून सोडायची. चांगल्या बाळाची लगेच सपाट होते. पाणी कमी झालेल्या बाळाची घडी हळूहळू उतरते, आणि दोन सेकंदांहून जास्त उभी राहिली तर मग बोलत बसायचं नाही. डोळे खोल गेलेत का, हे आईलाच विचारायचं, कारण त्या बाळाचे डोळे रोज कसे असतात ते तिलाच ठाऊक. आणि चमचाभर पाणी ओठाला लावून बघायचं. आधाशासारखं ओढतंय, तर तहान आहे, अजून वेळ आहे. तोंडच उघडत नाही, मान टाकतंय, पाजलेलं सगळं बाहेर येतंय किंवा शीमध्ये रक्त आहे, तर सरळ हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली ओआरएस, तेही चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा आणखी सावकाश सुरू. लोक उलटी झाली की बंदच करून टाकतात, तिथे घोळ होतो. अंगावरचं दूध तर कधीच तोडायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. झिंकची गोळी १४ दिवस, सहा महिन्यांच्या आतल्याला १० मिलिग्रॅम, पुढे २०, तुमच्या डॉक्टरांना विचारून. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की गोळ्यांची पट्टी कपाटात जाते, हे मी शेकडो घरांत पाहिलंय.

आणि बाई गं, "दात येतायत म्हणून जुलाब" हे वाक्य मला ऐकवू नका.

चौथा_दिवस

आमचं तर जुलाब वगैरे काहीच नव्हतं. पहिलं बाळंतपण, ऑक्टोबर हीट, बाळ चार दिवसांचं. लंगोटावर विटकरी डाग. मला वाटलं रक्त! लघवी इतकी घट्ट झाली की असे डाग पडतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. पहिल्या एक-दोन दिवसांत ते दिसले तर ठीक, चौथ्या दिवशी नाही. जन्माचं वजन ३.१ किलो, काट्यावर २.७. थोडं उतरतं सगळ्यांचंच, पण हे दहा टक्क्यांच्या पुढे गेलं होतं. बाळ स्तनाला लागलेलं दिसायचं, पण गिळत नव्हतं. घरात सगळे म्हणत, "किती गुणी, रात्रभर उठत नाही." दर दोन तासांनी उठवून, दूध काढून वाटी-चमच्याने पाजलं तेव्हा गुणीपणा संपला आणि रडायला लागलं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत, हा हिशेब मी कॅलेंडरवर रेघा मारून ठेवायचे.

मावशीबाईंनी "घसा सुकला असेल" म्हणून पाणी पाजायचा धोशा लावला होता. सहा महिन्यांच्या आत साधं पाणी नाही, कडक उन्हाळ्यातही नाही.

गिरगावची_आजी

टाळू खोल गेली की आम्ही तेल थापायचो, टाळू भरायचो. वरून तेल घालून आतलं पाणी भरत नाही, हे नातवाच्या वेळी सुनेने मला सांगितलं. राग आला होता. पण एक सांगते, तेल लावायच्या निमित्ताने रोज हात फिरायचा, म्हणून खळगा पडला की बोटांना लगेच कळायचं. आता तेल नाही, आणि हातही नाही.

केमिस्ट_काका

लोक काउंटरवर "ओआरएस द्या" म्हणतात आणि बोट दाखवतात रंगीत टेट्रापॅककडे. त्यातल्या बऱ्याच पॅकमध्ये साखर भरमसाट, मीठ नावाला. जास्त साखरेने जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. तरी पॅकवर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलाय का ते बघाच. एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट.

ही साधी पुडी किती मोठी गोष्ट आहे! १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हाती दिलं. तीसेक टक्के माणसं दगावत होती, ती चार टक्क्यांच्या आत आली. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३मध्ये, मरणोत्तर.

भांडुपकर

काका, पटलं. सिस्टर, एक विचारायचं होतं. रात्री तीन वाजता ५० मिली कसं मोजायचं?

सिस्टर_निवृत्त

घरातली एकच वाटी ठरवून टाका. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने पाणी ओतून ती आजच मोजा, आणि खूण करा.

परळची_लेक

आत्ता मोजली. आमची वरणाची वाटी १२० मिलीची निघाली. अर्ध्याच्या किंचित खाली नेलपॉलिशने रेघ मारलीये.