आजोबांचा जुना जिलेट रेझर सापडलाय. सुरुवात कशी करू?

गोदाकाठकर

मंडळी, नमस्कार. घर रंगवायला काढलंय, त्या निमित्ताने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली. आत आजोबांचं दाढीचं सामान निघालं. केस झडलेला ब्रश, 'भारत' ब्लेडचं गंजून चिकटलेलं पाकीट आणि एक रेझर. रेझरचे तीन तुकडे होतात: वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा. पट्टीवर जिलेटचं नाव आणि 'मेड इन इंग्लंड' असं आहे. मुलामा थोडा उडून खालचं पिवळं दिसतंय, आट्यांत हिरवट काहीतरी बसलंय. बाकी वस्तू ठणठणीत.

इतकी वर्षं मी पाच पात्यांचं कार्ट्रिज आणि डब्यातला फोम वापरतोय. मानेवर कायम पुळ्या. म्हटलं हा वापरून बघू. कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्लेड आणलं आणि केली दाढी. गाल एकदम तुळतुळीत झाले, पण मानेची आग आग झाली आणि हनुवटीखाली कापलं.

आता प्रश्न. रेझरला नवा मुलामा द्यावा का? ब्लेड कोणतं घ्यावं? मानेचं काय करू? आणि ऑनलाइन एक जण गळ्याशी आकड्यांची चकती असलेला, कमीजास्त करता येणारा जुना अमेरिकन जिलेट विकतोय. '१९५८ चा, दुर्मिळ' म्हणतो आणि साडेआठ हजार मागतो. नवशिक्याला तोच बरा, असंही सांगतो. घ्यावा का? (आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्याने काही फरक पडत असेल तर तेही सांगा.)

अळूचं फदफदं

ट्रिमर मारा, मोकळे व्हा. आजोबांकडे वेळ होता, आपल्याला नऊ सतराची बस असते.

टूलरूमवाला

फदफदं, तुमची बस चुकू नये म्हणून तुमच्यापुरतं ट्रिमर ठीक. :)

गोदाकाठकर, पट्टीच्या दोन्ही कडांना सलग दांडी आहे ना, कंगव्यासारखे दाते नाहीत? मग हा 'टेक' असणार. १९३८ साली आला आणि पुढे कित्येक दशकं निघत राहिला. दुर्मिळ अजिबात नाही, पण शिकायला याच्याइतका गरीब रेझर शोधून सापडणार नाही.

माझी नोकरी भोसरीत टूलरूममध्ये गेली, त्यामुळे मी याच्याकडे क्लॅम्प म्हणूनच बघतो. ब्लेड नुसतं हातात धरा. जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा पत्रा, लवलवतो. तोच टोपी आणि पट्टीच्या मध्ये आवळला की टोपीच्या गोलाईबरोबर वाकतो, आणि वाकला की ताठ होतो. ती कमान ढिली राहिली तर धार केसावर थरथरते, आणि त्यालाच आपण 'ब्लेड ओढतंय' म्हणतो. कंपनीचा संस्थापक किंग जिलेट (किंग हे त्याचं नावच) याला १९०४ साली पेटंट मिळालं ते पातळ, स्वस्त, टाकाऊ पात्याच्या या कल्पनेवर. इतक्या पातळ पोलादाला धार आणि कडकपणा द्यायचं यंत्रांचं काम विल्यम निकरसन या इंजिनिअरने जमवलं. १९०३ मध्ये खपले ५१ रेझर, त्याच्या पुढच्या वर्षी नव्वद हजारांवर. तेव्हापासून ब्लेडचं माप बदललेलं नाही असं म्हटलं तरी चालेल, म्हणून तर आज दुकानातून आणलेलं पातं तुमच्या आजोबांच्या रेझरला बसलं.

आता काम. ब्लेड लावा, खिडकीपाशी जा आणि रेझर डोळ्यांसमोर आडवा धरा. टोपीच्या बाहेर धारेची बारीक रेघ दिसते. ती दोन्ही बाजूंना सारखी हवी, आणि एकाच बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंतही सारखी हवी. नसेल तर दांडा अर्धा आटा सैल करा, ब्लेडची आखूड टोकं चिमटीत धरून बसवा, तसंच धरून आवळा. ब्लेड पालथं करून, पट्टीची बाजू बदलूनही बघा. तरीही तिरकंच राहिलं तर पट्टी वाकलीय, बहुतेक कधीतरी फरशीवर पडला असेल. पकडीने सरळ करायला जाऊ नका, अर्ध्या मिलिमीटरचा खेळ आहे तो.

मुलामा: देऊ नका. मुलाम्याचं दुकान आधी बफिंग करतं, त्याशिवाय त्यांचं निकेल धरत नाही. बफिंगच्या चाकाखाली पट्टीच्या दांडीच्या कडा गोल होतात, आणि धार व दांडी यांच्यातलं अंतर बदलतं. म्हणजे दिसायला नवरदेव, पण दाढी बिघडली. पिवळं दिसतंय ते पितळ आहे, त्याने चेहऱ्याला काही होत नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून तिन्ही तुकडे अर्धा तास बुडवा, मग जुन्या मऊ टूथब्रशने घासा. आट्यांतला हिरवा थर म्हणजे पितळेवर चढलेली कळकी आणि साबणाची कीट. आट्यांत सुती दोरा गुंडाळून पुढेमागे ओढलात की तो निघतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर आणि तांब्याची भांडी घासायची पावडर यांपासून लांब ठेवा. उरलेलं निकेल तेच खातात.

पाणी: हो, फार फरक पडतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरी साय होते. ती दिसते फेसासारखी, पण तिच्यात निसरडेपणा नसतो. दाढीपुरतं मगभर फिल्टरचं पाणी घ्या. डब्यातला फोम या रेझरला पुरत नाही, त्यात हवाच जास्त. गोल डबीतला साबण किंवा ट्यूबमधली साधी क्रीम, आणि एक सिंथेटिक केसांचा ब्रश. आजोबांचा ब्रश आठवण म्हणून ठेवा, चेहऱ्याला लावू नका. फेस दह्याच्या घट्टपणाला आला की झाला.

कोन: टोपी गालावर टेकवा, दांडा जवळजवळ आडवा. आता दांडा हळूहळू खाली आणत लहानसा हात फिरवा. सुरुवातीला नुसतं घसरेल. ज्या क्षणी खरखर ऐकू येईल तिथे थांबा, तो तुमचा कोन. साधारण तीस अंश म्हणतात, पण आरशासमोर कोनमापक घेऊन कोण उभं राहतंय? कान वापरा. पंखा आणि नळ बंद ठेवा म्हणजे ऐकू येईल.

आणि दाबू नका. कार्ट्रिजची मान हलती असते, आपण दाबतो ते तिथे खपून जातं. इथे खपत नाही. दांडा शेवटाकडे तीन बोटांत धरला की दाबायचं म्हटलं तरी दाबता येत नाही.

ब्लेड: आपल्याकडे सहज मिळणारं कोणतंही प्लॅटिनमचं चालेल. सेव्हन ओ'क्लॉक घ्या, कोलकात्याच्या मल्होत्रांचं टोपाझ घ्या. जपानी फेदरची धार फार तिखट, ते हात बसल्यावर. एकदा घेतलं की महिनाभर तेच वापरा. रोज ब्लेड बदलाल तर बिघडतंय ते ब्लेड की हात, हे कधीच कळणार नाही. पातं धुवा, झटका, पण धारेवरून टॉवेल फिरवू नका. चार-पाच दाढ्यांनंतर नवं लावा. कार्ट्रिजच्या एका पाकिटाच्या पैशात वर्षभराची पाती येतात, कंजुषी करायचं कारण नाही.

तो साडेआठ हजारांचा सध्या नको. आकड्याची चकती फिरवून धार किती बाहेर काढायची हे ठरवता येतं, हे खरं. पण ज्याचा कोन अजून बसलेला नाही त्याच्या हातात ती चकती म्हणजे आणखी एक घोळ. तरी त्याला रेझरच्या डोक्याच्या खालच्या बाजूचा फोटो मागा. अमेरिकन जिलेटवर तिथे एक अक्षर आणि एक आकडा असतो. 'ए' म्हणजे १९५५, 'बी' ५६, असं पुढे. आकडा म्हणजे तिमाही. १९५८ चा असेल तर 'डी' हवा.

सलूनवाल्याची लेक

टूलरूमवाले काका, तुम्ही मान सोडून सगळं सांगितलंत!

कोल्हापुरात आमच्या बाबांचं सलून होतं, त्यामुळे हे बघतच वाढले. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की बाबा साबणाला हात लावायच्या आधी अंगठा त्याच्या मानेवरून फिरवायचे, वर, खाली, दोन्ही बाजूंना. मानेचे केस खाली वाढतात असं आपण धरून चालतो. पुष्कळांचे तसे नसतात. कुणाचे कानाकडे आडवे, कुणाचे घाटीपाशी (गळ्यावरच्या उंचवट्यापाशी) चक्क वर. दादा, तुम्ही दोन दिवस दाढी करू नका आणि बोट फिरवून बघा. ज्या दिशेला बोट मऊ सरकतं तो सरळ हात, खुपतं तो उलटा. मानेवर उजवी-डावी बाजू वेगळी निघाली तरी दचकू नका.

मानेवर फक्त सरळ हात मारायचा. फेस पुन्हा लावून हवं तर एक आडवा. उलटा हात मानेवर नकोच, निदान पुळ्या जाईपर्यंत. पाच पात्यांचं कार्ट्रिज केस कातडीच्या खाली कापतं, मग तो वाढताना आतच वळतो आणि पुळी येते. तुमच्या पुळ्यांचं मूळ बहुतेक तिथेच आहे.

कातडी ताणायची. डावा हात कोरडा ठेवा (तुरटीच्या खड्याला बोटं घासली की पकड येते) आणि मानेची कातडी गळपट्टीच्या हाडाकडे खाली ओढा. घाटीवर करताना ती कातडी बाजूला सरकवून सपाट जागी करा, हाडावर रेझर नेऊच नका. हनुवटीखाली कापलं ते याचमुळे असणार, तिथे वळण आहे आणि तुम्ही लांब हात मारला असणार. बोटाच्या एका पेराएवढाच हात मारायचा.

नंतर गार पाणी आणि ओली तुरटी. तुरटी जिथे झोंबते तिथे तुम्ही दाबलंत, इतकं सोपं. बाबा नव्या पोराला शिकवताना तुरटी फिरवून त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे.

एक गंमत: तुमचं हेच ब्लेड सलूनमध्येही असतं. कागदात असतानाच मधोमध मोडायचं आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं. कट्ट असा आवाज यायचा, तो ऐकल्याशिवाय जुनी गिऱ्हाइकं मान मागे टाकायची नाहीत.

मिडलँड्सकर

लेस्टरहून हजेरी. 'मेड इन इंग्लंड' टेक म्हणजे बहुधा लंडनच्या पश्चिमेला ग्रेट वेस्ट रोडवरच्या कारखान्यातला. घड्याळाच्या मनोऱ्याची ती विटांची इमारत १९३७ पासून उभी आहे, त्या चौकालाच जिलेट कॉर्नर म्हणतात. उत्पादन २००६ मध्ये पोलंडला गेलं.

इथे रविवारच्या कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) असे रेझर जुन्या चमच्यांच्या टोपलीत पडलेले असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत चोरबाजारात कुणी घेणार असेल तर एकच सांगतो. पोकळ दांडा असेल तर तो नखाने चाचपा. फार जुन्या दांड्यांना मानेपाशी उभी बारीक चीर असते, ती आवळताना उघडते. दांडा फिरवून टोपीची दोन दारं उघडतात तो प्रकार असेल तर दारं मिटल्यावर एका पातळीत येतात का बघा. गंज आणि कीट निघते, वाकडेपणा निघत नाही.

आणि विमानाने येताजाताना ब्लेड हातातल्या बॅगेत ठेवू नका, माझं अख्खं पाकीट तपासणीत गेलंय.

गोदाकाठकर

सगळ्यांचे आभार. लेकताई, तुमचा अंगठा अचूक! माझ्या मानेचे केस उजवीकडे खाली आहेत आणि डावीकडे कानाच्या दिशेला जवळजवळ आडवे. मी दोन्हीकडे खालून वर ओढत होतो. फिल्टरच्या पाण्यात फेस असा झाला की ब्रश उलटा धरला तरी पडेना. कालच्या दाढीला तुरटी फक्त जबड्याच्या कोपऱ्यात झोंबली.

ब्लेड तिरकं बसत होतं, काकांनी सांगितल्याप्रमाणे टोकं धरून आवळल्यावर दोन्ही रेघा सारख्या आल्या. दोऱ्याने आटे घासले तर हिरवं सगळं निघालं.

विकणाऱ्याने आढेवेढे घेत फोटो पाठवला. त्यावर 'जे ३' आहे. आणि वापरलेली ब्लेडं कुठे टाकायची? घंटागाडीवाल्याच्या हाताला लागतील याची धास्ती वाटते.

टूलरूमवाला

'जे ३' म्हणजे १९६४ ची तिसरी तिमाही. १९५८ ला आला तो जाड दांड्याचा, ज्याला लोक फॅटबॉय म्हणतात, तो १९६१ पर्यंतच निघाला. तुम्हाला दाखवतोय तो नंतरचा सडपातळ. रेझर चांगला आहे, पण तो लाखोंनी निघाला, त्यामुळे दुर्मिळ वगैरे काही नाही. त्याला वर्ष सांगा आणि गप्प बसा, किंमत तोच खाली आणेल. तरी माझं ऐकाल तर दिवाळीपर्यंत टेकच वापरा.

ब्लेडसाठी दुधाच्या पावडरीचा किंवा कसलाही पत्र्याचा डबा घ्या. झाकणाला करवतीच्या पात्याने दोन मिलिमीटरची फट पाडा आणि झाकण चिकटवून टाका. भरायला वर्षं लागतात. भरला की फट पत्र्याने बंद करून भंगारवाल्याला 'आत ब्लेड आहेत' असं सांगून द्या. सुट्टं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात कधीच नको.

जबड्याच्या कोपऱ्यासाठी तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे तिथला खड्डा भरून येतो.

अळूचं फदफदं

वडिलांच्या कपाटात असाच एक निघाला. दात्यांचा आहे. काका, नवा धागा काढू की इथेच विचारू?