मदत हवी आहे: वाळू बांधणारे जिवाणू, प्लास्टिक कचरा आणि किनाऱ्याची धूप

नमस्कार मंडळी. पुण्यात एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय, प्रकल्पाचा विषय कोकण किनाऱ्याची धूप. 'स्पोरोसार्सिना पाश्चुरी' हा जिवाणू युरिया फोडतो. त्यातून आलेलं कार्बोनेट कॅल्शियमशी जुळून कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) बनतं आणि वाळूचे कण घट्ट बांधले जातात. जपानमध्ये सापडलेला, २०१६ साली जगासमोर आलेला 'आयडिओनेला साकाइएन्सिस' तर पीईटी (बाटल्यांचं) प्लास्टिक खाऊनही जगतो. दोघांची विकरं (एन्झाइम) एकाच जिवाणूत आणून त्याला बाटल्यांच्या कचऱ्यावर वाढवायचं, ही कल्पना.

घोडं अडलंय अमोनियावर. युरिया फुटला की तो निघणारच, आणि खाडीतल्या माशांना तो घातक. तो काढून टाकण्याची पद्धत कुणी स्वतः वापरली आहे का? जनुकबदल केलेला जिवाणू उघड्यावर सोडणं मला अजिबात मान्य नाही, १९८९ च्या नियमांनुसार परवानगीशिवाय सोडताही येत नाही. म्हणून सगळं प्रयोगशाळेतच, खाऱ्या पाण्यात.

आणखी एक, बांधलेली वाळू लाटांच्या माऱ्याला किती टिकते हे तपासायचंय. खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएसमध्ये (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात) किनारा अभियांत्रिकीतलं कुणी ओळखीचं असेल तर कृपया सांगा. मार्गदर्शक बाईंचं पत्र घेऊन रीतसर भेटायला येईन.