सातला घरी येऊन बांगड्याचं काय करू?

प्रश्न: मालवणातच राहते, पण वाटपाचा, म्हणजे खोबऱ्याचं वाटण वाटायचा, कंटाळा. काल रवा लावून तळले, तर रवा सगळा तव्यावर आणि बांगडा उघडा! अजून चार आहेत.

उत्तर: मिठाचं सुटलेलं पाणी निथळलं नसशील. तळणं सोड, तिखलं कर, म्हणजे बिनखोबऱ्याचं तिखट कालवण. खोबरं नकोच. दोन चमचे मालवणी मसाला, हळद, मीठ, पाच आमसुलं, सात-आठ तिरफळं (माशांत घालतात तो मसाला) ठेचून, बांगडे जेमतेम बुडतील एवढं पाणी. डाव घालू नकोस, टोप धरून हलव. दहा मिनिटं. उतरवताना कच्चं खोबरेल.

उत्तर: तिरफळाची काळी बी काढा हां, दाताखाली कचकचते.

प्रश्नकर्ती: सोबत सोलकढी?

उत्तर: म्हणजे परत नारळ खवणं आलंच! आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, पाणी, मीठ, ठेचलेली मिरची, कोथिंबीर घाल. झाली फुटी कढी. आणि उकडा भात.