अप्पर, डिपर आणि फॉग लाइट : तुमचे अनुभव लिहा

पावसाळा सुरू झाला की आपल्यातले कितीतरी जण शनिवार-रविवार लोणावळा, माळशेज, इगतपुरी नाहीतर थेट गावाला निघतात आणि रात्री परत आल्यावर सगळ्यांचं एकच, समोरचा अप्पर खालीच करत नव्हता, काही दिसत नव्हतं. (अप्पर म्हणजे हेडलाइटचा वर आणि लांब जाणारा झोत, डिपर म्हणजे खाली, जवळ पडणारा.) घाटाचं सोडा, मुंबईत रस्त्यावर खांबाखांबाला दिवे आहेत, अप्परची गरजच पडत नाही, तरी घोडबंदरला किंवा जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) रात्री उभं राहून बघा, एकामागून एक गाड्या अप्परवरच चाललेल्या असतात. मला याचा खरंच त्रास होतो आणि भीतीही वाटते. म्हणून हा धागा. अप्पर कधी, डिपर कधी, फॉग लाइट कधी लावायचे आणि कधी बंद करायचे, रस्त्याने तुम्हाला काय शिकवलं ते लिहा. गाडी, रिक्षा, बाईक, ट्रक, काहीही चालवत असाल, किंवा नुसते रस्ता ओलांडत असाल तरी लिहा. फक्त स्वतः पाहिलेलं लिहा, फॉरवर्ड नकोत.

ठाणे, स्वतःची गाडी

मी सुरुवात करते. जुलैमध्ये पुण्याला जाताना एक्स्प्रेसवेच्या घाटात, जिथे पूर्वी अमृतांजन पूल होता (२०२० मध्ये पाडला) त्याच्या आसपास धुकं एकदम खाली उतरतं. पुढची गाडी दिसेना म्हणून शेजारी बसलेला माझा भाऊ म्हणाला अप्पर लाव, लावला, तर समोर सरळ पांढरी भिंत. धुकं म्हणजे शेवटी हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब, अप्परचा झोत वर आणि लांब जातो आणि त्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यात परत येतो. लगेच डिपरवर आले, बंपरमधले फॉग लाइट लावले, आणि आधी डावीकडचा पांढरा पट्टा, मग रेलिंगवरचे रिफ्लेक्टर, मग पुढच्या टेम्पोचे लाल दिवे असं हळूहळू दिसायला लागलं. फॉग लाइट खाली बसवतात ते त्यासाठीच, त्याचा उजेड रुंद आणि चपटा पडतो, रस्त्यालगतच राहतो, वरच्या धुक्यात जात नाही. पण त्याने लांबचं दिसत नाही हेही लक्षात ठेवा, जेवढं दिसतंय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे इतकाच स्पीड.

भांडुप, रिक्षा

आमच्या मागे मोठी गाडी लागली की तिचे दिवे आमच्या आरशाच्याच उंचीला येतात. एलबीएस रोडवर मेट्रोचे बॅरिकेड, रस्ता अरुंद, त्यात मागचा अप्परवर, आरशात बघितलं की पुढचे काही सेकंद खड्डा पण दिसत नाही. गाडीत आतला आरसा खाली करायची खटकी तरी असते, आमच्याकडे ते पण नाही. मागून चालताना पण डिपर ठेवा एवढंच सांगणं आहे, फक्त समोरून गाडी आली तरच डिपर असं लोक समजतात.

लालबाग, एसटीतून निवृत्त चालक

रिक्षावाल्या भाऊंनी बरोबर लिहिलंय. ट्रकच्या मागे 'यूज डिपर ॲट नाईट' लिहिलेलं असतं ना, ते मागून येणाऱ्यासाठीच असतं, म्हणून तर मागे लिहितात.

मी रात्रीच्या मुंबई-सावंतवाडी फेऱ्या मारल्यात, भोस्ते, परशुराम, कशेडी सगळे घाट रात्रीचेच. तेव्हा कशेडीला बोगदा नव्हता, सगळी वाहतूक वरून. आम्हाला जुन्या चालकांनी शिकवलेलं असं की वळणाच्या अलीकडे एकदा अप्पर-डिपर द्यायचा, रात्री तोच हॉर्न. आणि समोरच्या गाडीचा उजेड दरडीवर नाहीतर झाडावर पडलेला दिसला की तिथेच डिपरवर यायचं, गाडी तोंडासमोर यायची वाट बघायची नाही. गाडी दिसल्यावर डिपर करणारा उशिरा करतो, तोपर्यंत समोरच्याचे डोळे दिपलेले असतात आणि दिपलेले डोळे पुन्हा अंधाराला लागायला वेळ घेतात, गाडी तेवढ्यात कितीतरी पुढे गेलेली असते.

समोरचा डिपर देत नसेल तर एकदा खूण करायची. नाही ऐकलं तर सोडून द्यायचं, पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, नजर त्याच्या दिव्यावरून काढून आपल्या डाव्या बाजूच्या पट्ट्यावर ठेवायची आणि त्याला जाऊ द्यायचं. आजकालची पोरं रागाने उलट अप्पर लावून ठेवतात. अरे बाबांनो, एकाला दिसत नव्हतं, आता दोघांनाही दिसत नाही, आणि दोन्हीकडे माणसं बसलेली आहेत. माझ्या मागे पन्नास माणसं झोपलेली असायची, लेकरं असायची, गणपतीला निघालेली कुटुंबं असायची. राग काढायला ती जागा नाही.

पूर्वी बऱ्याच गाड्यांच्या हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग मारलेला असायचा, समोरच्याच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून. आता चांगल्या दिव्यात ते काम आतच केलेलं असतं, फक्त बटण खाली करायचं असतं, तेवढंही लोकांना जड जातं याचं वाईट वाटतं.

कांदिवली, सोसायटीचा वॉचमन

गेटवर येताना अप्पर बंद करा साहेब. नंबर दिसत नाही, आत कोण बसलंय दिसत नाही, आणि त्याच वेळी बाजूने मुलं सायकल घेऊन निघाली तर ती पण दिसत नाहीत.

दादर, वय सत्तरच्या पुढे

मी गाडी चालवत नाही. मोतीबिंदू पिकत होता तेव्हा प्रत्येक हेडलाइटभोवती मोठं वलय दिसायचं, रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर गाडी किती लांब आहे हेच कळायचं नाही. ऑपरेशननंतर पुष्कळ फरक पडला. पण अप्पर अंगावर आला की अजूनही पाय जागीच थांबतो, आणि गाडीवाला समजतो म्हातारी थांबली, म्हणजे तिने आपल्याला जागा दिली.

कुर्ला, गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम

या विषयावर मला लिहायचंच होतं, कारण निम्मा त्रास अप्परचा नसतोच, डिपरच चुकीचा बसलेला असतो. आपल्याकडे कितीतरी गाड्यांत एच-फोर बल्ब असतो, त्यात दोन तारा, डिपरची ५५ वॅट आणि अप्परची ६०. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते, ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्यावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर येतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं एलईडी टाकून द्या, व्हाइट पाहिजे. रिफ्लेक्टर तारेच्या जागेच्या हिशोबाने बनवलेला असतो, एलईडीचे चिप जरा जरी इकडेतिकडे बसले की कटऑफ, म्हणजे डिपरच्या उजेडाची वरची रेघ, फाटते, डिपरवर असूनही उजेड समोरच्याच्या तोंडावर. चालवणाऱ्याला वाटतं लाइट वाढली, खरं तर गाडीच्या पुढ्यातच पांढरं होतं आणि लांबचं आधीपेक्षा कमी दिसतं. शंभर-नव्वद वॅटचे बल्ब टाकतात त्यांचे होल्डर मी वितळलेले बघतो, वायरिंग तेवढ्या करंटसाठी नसतंच.

त्यापेक्षा आधी काच बघा. हेडलाइटची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर ती पॉलिश करून घ्या, बल्ब बदलण्यापेक्षा फरक जास्त दिसेल. विंडशील्ड आतून पण पुसा, आत तेलकट थर बसतो आणि समोरचा दिवा त्यावर पसरतो.

दुसरं, स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते, लोक वर्षानुवर्षं तिला हात लावत नाहीत. गावाला जाताना मागे पाच बॅगा, तांदळाची गोणी, तीन माणसं, गाडीचं नाक वर होतं, डिपर पण वर जातो. तेव्हा चकती १, २ अशी वाढवायची, आकडा वाढला की झोत खाली येतो. सामान उतरवलं की परत ०.

तपासायचं असेल तर सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटरवर गाडी लावा, दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून तेवढ्यावर भिंतीला टेप मारा. डिपरची वरची रेघ टेपच्या पाचेक सेंटीमीटर खाली पडली पाहिजे आणि डावीकडे थोडी वर चढली पाहिजे, म्हणजे फुटपाथ दिसतो. उजवीकडे वर चढत असेल तर तो दिवा उजव्या बाजूने चालणाऱ्या देशातला आहे, काढून टाका.

मीरा रोड, बाईक

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू झालं की आपोआप लागतो, स्विचच नाही, तरी दिवसा अजूनही लोक बोटं हलवून सांगतात लाइट चालू आहे. त्याचं काही नाही. त्रास आहे तो बाईकच्या क्रॅश गार्डवर लावलेल्या जादा एलईडींचा. घोडबंदरला समोरून आले की बाईक आहे की टेम्पो तेच कळत नाही. लावायचेच तर खाली झुकवून लावा आणि वेगळा स्विच ठेवा, शहरात बंद.

चेंबूर, रोज अटल सेतूवरून

मागच्या फॉग लाइटबद्दल कुणीच लिहिलं नाही. काही गाड्यांना मागे एक जादा लाल दिवा असतो, ब्रेक लाइटइतकाच तेज. तो दाट धुक्यासाठी आहे. कोरड्या स्वच्छ रात्री तो लावून पुढे एखादा चालला असेल तर त्याने ब्रेक दाबलाय हे वेळेवर कळतच नाही, कारण लाल आधीच पेटलेलं असतं. बहुतेकांना तो चालू आहे हेच माहीत नसतं. तसंच जोराच्या पावसात आणि बोगद्यात हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावून चालणारे, त्यांनी लेन बदलली तर इंडिकेटर कसा दिसणार?

विक्रोळी

डॅशवर कुठलं चिन्ह कशाचं ते कुणी सांगेल का? आणि मुंबईच्या पावसात पुढचे फॉग लाइट चालतील का?

कुर्ला, गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम

निळा म्हणजे अप्पर. हिरवा, दिवा डावीकडे तोंड करून आणि रेघांना नागमोडी रेघ छेदते तो पुढचा फॉग. तसाच पण पिवळा आणि उजवीकडे तोंड असलेला तो मागचा फॉग, दाट धुकं नसताना तो दिसला की आधी बंद करा. पावसात वायपर फुल स्पीडला लावूनही पुढची गाडी नीट दिसत नसेल तर डिपरसोबत पुढचे फॉग लावा, पाऊस कमी झाला की बंद. रस्ता ओला असताना ते चालू राहिले तर उजेड पाण्यावरून उडून समोरच्याच्या डोळ्यात जातो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी जे धुरकट असतं त्याला साधा डिपर पुरतो.