कायदा आहे, पण वर्गात माणूस कुठाय?

ऑटिझम असलेल्या मुलांबद्दल "नॉर्मल शाळेत हाल करण्यापेक्षा सरळ स्पेशल शाळा बरी" असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम धरलाय आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर ६ ते १८ वयात जवळची शाळा की स्पेशल शाळा हे आपण निवडायचं, मुख्याध्यापकांनी नाही. गोची पुढे आहे. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं प्राथमिकला अशा विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक स्पेशल टीचर, वरच्या वर्गांना १५ मागे एक, आणि माझ्या भाच्याच्या शाळेत स्पेशल टीचर ताई येतात आठवड्यातून एकदा, सही करतात, पाऊण तास बसतात की निघाल्या पुढच्या शाळेला. त्यांचा तरी काय दोष म्हणा. भाच्याला घंटेचा त्रास, मधल्या सुट्टीआधीच कानावर हात ठेवून बसायचा, बाईंना वाटायचं नाटकं करतो. शेवटी शिपाईकाका घंटा द्यायच्या आधी खिडकीतून त्याला खुणावायला लागले आणि खरंच फरक पडला, कुठल्या जीआरमध्ये नव्हतं हां ते! दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे मिळतं, फक्त यूडीआयडीचा (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज आत्ताच टाका, ऐन वर्षात फार पळापळ होते.