ताम्हिणीत अळंब्यांचे फोटो काढले, पण ओळख पटत नाहीये. काय चुकतंय?

पानथर:
नमस्कार मंडळी, गेले दोन पावसाळे मी ताम्हिणी-मुळशीकडे फिरतेय आणि आता धबधब्यांपेक्षा खाली पाचोळ्यातच जास्त नजर असते. परवा एका कुजक्या ओंडक्यावर पांढऱ्या छत्र्यांचा अख्खा घोस मिळाला, एकेक नखाएवढी, शेजारच्या फांदीवर नारिंगी जेलीसारखं काहीतरी. मोबाईलवर वीस-पंचवीस फोटो काढले, घरी येऊन बघते तर छत्र्यांचा नुसता पांढरा डाग आणि मागचं गवत एकदम शार्प. आयनॅचरलिस्टवर (फोटो टाकून जीव ओळखायची साइट) टाकले तर लगेच प्रश्न, खालची बाजू कुठाय, लाकूड कसलं होतं. आता खालची बाजू दाखवायला उपटावं लागणार ना? ते जिवावर येतं. कॅमेरा घ्यावा का? बजेट फार नाही.

चिखलपाय:
ताई, कॅमेरा राहू दे, आधी खाली झोपा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत फक्त टोपी येते. मोबाईल उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली जमिनीलगत जाते आणि छत्री उभी दिसते, हा फरक एकदा करून बघाच. पांढऱ्या छत्रीवर बोट टेकवून फोकस घ्या आणि तो सूर्याचा आयकॉन खाली ओढा, फोटो जरा काळपट वाटला तरी चालेल, टोपीवरचे बारकावे वाचतात. जंगलात उजेड कमी असतो म्हणून हात हलतो, तर जुन्या मोज्यात तांदूळ भरून त्यावर मोबाईल टेकवायचा आणि तीन सेकंदांचा टायमर लावायचा. फ्लॅश नको, ओल्या टोपीवर चकाकतो. बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा धरला की सावलीतल्या बाजूला छान मऊ उजेड येतो. आणि झोपायच्या आधी काठीने पाचोळा हलवून बघा, घाटातल्या पावसात साप-विंचू तिथेच असतात.

रानभर:
एवढं कशाला, घोसातली एक काढायची आणि उलटी करून फोटो घ्यायचा. खरं बुरशीचं जाळं लाकडाच्या आत असतं, छत्री म्हणजे त्याचं फळ, एक काढल्याने काही मरत नाही.

ओळमी_सत्तरी:
मरत नाही हे बरोबर, पण रविवारी त्याच वाटेने पन्नास जण जातात हो, प्रत्येकाने एकेक काढली तर मागच्याला काय दिसणार? आमच्याकडे गोव्यात वारुळावरच्या ओळमीला, म्हणजे अळंबीला, वाळवीच पोसते, आणि ती कोवळी असतानाच सगळी उपटली तर बीजाणू पडायचे कधी? फोटोपायी तरी उपटू नका. पर्समधला छोटा आरसा छत्रीखाली सरकवा, गिल्स (टोपीखालच्या पातळ पट्ट्या) आरशात दिसतात, त्याचाच फोटो काढा.

कवकवेडी:
आरशाची युक्ती मीही वापरते. ओळखीसाठी एकाच छत्रीचे पाच-सहा फोटो हवेत: वरून, बाजूने, खालून (गिल्स आहेत की बारीक छिद्रं), देठावर कडं आहे का, देठाच्या बुडाशी पिशवीसारखं काही आहे का, आणि एक लांबून म्हणजे ती लाकडावर, मातीत, शेणावर की वारुळावर ते कळेल. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. नारिंगी जेली सुऱ्याच्या पात्यासारखी चपटी असेल तर डॅक्रिओपिनॅक्स नावाची जेलीसारखी बुरशी असू शकेल, पण फोटोशिवाय नक्की नाही सांगणार.

आणि कृपा करून फोटोवरून "खायची का" हे कोणी ठरवू नका. सोसायटीच्या लॉनवर येणारी ती मोठी पांढरी क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस कोवळेपणी अगदी खायच्या अळंबीसारखी दिसते, गिल्स हिरवट होतात त्या नंतर, आणि खाल्ली तर उलट्या-जुलाबाने माणूस आडवा होतो.

पानथर:
खूप आभार सगळ्यांचे, आरसा आजच बॅगेत टाकला. अजून एक, भीमाशंकरच्या अंधारात चमकणाऱ्या बुरशीचा फोटो मोबाईलवर येतो का?

चिखलपाय:
ट्रायपॉड असेल आणि प्रो मोड (सगळं हाताने सेट करायची सोय) असेल तर येतो. उजेड असतानाच किंवा टॉर्चने मॅन्युअल फोकस लावून ठेवा, मग टॉर्च बंद, शटर तीस सेकंद उघडं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००. चांदणं नसलेली रात्र हवी. बरेचदा छत्री नाही तर बुरशी शिरलेलं कुजकं लाकूडच चमकतं, आणि डोळ्यांना फिकट राखाडी दिसतं ते फोटोत हिरवं उतरतं, त्यामुळे समोर असूनही लोक पुढे निघून जातात, दहा मिनिटं अंधारात नुसतं बसा. पण ते अभयारण्य आहे, रात्री वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही, आणि चमकणारी काटकी घरी आणायची नाही.

पानथर:
रविवारी परत त्याच ओंडक्यापाशी गेले होते. पांढऱ्या सगळ्या विरघळून गेल्यात, पण नारिंगी अजून आहे आणि खरंच पात्यासारखी चपटी आहे! चार बाजूंचे फोटो नाण्यासकट टाकते संध्याकाळी. कवकवेडी ताई, नक्की बघा.